फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा अंदाज कसा बांधावा

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना जवळ आला की प्रत्येक फुटबॉलप्रेमीला विजेत्याचे नाव विचारले जाते आणि बहुतेक जण फारसा विचार न करता ते सांगून मोकळे होतात. नाव सांगणे सोपेच असते, कारण मैदानात दोनच संघ उतरणार असतात आणि डोळे मिटून बोट ठेवले तरी निम्म्या वेळा ते बरोबर ठरते. आपल्या पसंतीच्या संघाचे पारडे नेमके किती जड आहे हे सांगणे मात्र अवघड असते आणि अंदाज बांधण्याचे सगळे कसब तिथेच लागते. ‘अर्जेंटिना जिंकेल’ हे मत झाले. ‘अर्जेंटिना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे’ हा अंदाज झाला, कारण या दुसऱ्या वाक्यामागे काही हिशेब असावा लागतो आणि तो इतरांना तपासता येतो. तो हिशेब कसा मांडावा हे पुढे सांगितले आहे. विश्वचषक, युरो (युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा), कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेची) किंवा आफ्रिकी राष्ट्रांचा चषक, पुरुषांची स्पर्धा वा महिलांची, रीत सगळीकडे तीच आहे.

आधी प्रश्न नीट वाचावा

अंदाज वर्तवण्याच्या स्पर्धांमध्ये सर्वाधिक गुण वाया जातात ते प्रश्न नीट न वाचल्यामुळे. ‘चषक कोण उंचावणार’ आणि ‘सामन्याचा निकाल काय लागणार’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नात बहुधा निर्धारित ९० मिनिटे आणि भरपाईचा वेळ एवढाच भाग धरला जातो, जादा वेळ व पेनल्टी शूटआउट त्यात येत नाहीत. काही ठिकाणी जादा वेळेतील गोल धरतात आणि शूटआउट तेवढे वगळतात. नियम वाचल्याशिवाय आकडा लिहूच नये.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हे पुरुषांच्या विश्वचषकाच्या इतिहासावरून दिसते. १९३० ते २०२२ या काळात २२ स्पर्धा झाल्या. १९५० साली शेवटी चार संघांची साखळी होती, त्यामुळे रीतसर अंतिम सामने २१ झाले. त्यांपैकी १३ सामन्यांचा निकाल ९० मिनिटांत लागला, पाच जादा वेळेत सुटले आणि १९९४, २००६ व २०२२ हे तीन शूटआउटपर्यंत गेले. १९९० पासूनचे नऊ सामने वेगळे काढले तर पारडे उलटते: चारच ९० मिनिटांत संपले आणि पाच त्यापुढे लांबले. अंतिम सामन्याला विजेता हवाच, या भावनेपोटी चाहते बरोबरीचा पर्याय मनातही आणत नाहीत. ९० मिनिटांच्या निकालाबाबत ही मोठी चूक ठरते. २०२२ च्या सामन्याची अधिकृत नोंद आजही, जादा वेळ धरून, अर्जेंटिना ३, फ्रान्स ३ अशीच आहे.

मूळ आकडा कुठून घ्यावा

हिशेबाची सुरुवात दोन्ही संघांच्या दीर्घकाळच्या ताकदीपासून करावी, उपांत्य फेरीत पाहिलेल्या खेळापासून नव्हे. यासाठी सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे फिफाची क्रमवारी, पण त्यातला क्रमांक न पाहता गुण पाहावेत. २०१८ पासून फिफा बुद्धिबळातील इलो पद्धतीवर आधारलेले सूत्र वापरते आणि त्या सूत्रात गुणांच्या फरकावरून अपेक्षित निकाल काढण्याची सोय आहे. ५० गुणांचा फरक असेल तर वरच्या संघाचा वाटा साधारण ५५ टक्के येतो, १०० गुणांचा असेल तर ५९ ते ६० टक्के आणि २०० गुणांचा असेल तर सुमारे ६८ टक्के. अंतिम फेरीत पोहोचलेले दोन्ही संघ सहसा वरच्या फळीतलेच असल्यामुळे मूळ आकडा बहुतेक वेळा ५० ते ६५ च्या दरम्यान राहतो. तुमचा आकडा ८० आला असेल तर हिशेबात मन घुसले आहे असे समजावे.

या क्रमवारीच्या काही खोडी माहीत असाव्यात. शूटआउटमध्ये जिंकलेल्या संघाला तिच्यात पूर्ण विजयाचे श्रेय मिळत नाही, एक ऐवजी पाऊण धरले जाते आणि हरलेल्याला अर्धे मिळते. मोठ्या स्पर्धांच्या बाद फेरीत हरलेल्या संघाचे गुण कापले जात नाहीत. शिवाय वेगवेगळ्या खंडांतील संघ एकमेकांशी फार कमी खेळतात, त्यामुळे युरोपातील संघ आणि दक्षिण अमेरिकेतील संघ यांच्या गुणांची तुलना एकाच खंडातील दोन संघांच्या तुलनेइतकी भरवशाची नसते. म्हणून विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात या आकड्याला थोडे सैल धरावे.

दुसरे साधन म्हणजे सट्टाबाजारातील भाव. पैसे लावणे हा इथला विषय नाही आणि अंदाज बांधण्यासाठी त्याची गरजही नाही. परंतु त्या भावांमध्ये अनेकांची माहिती आधीच मुरलेली असते, म्हणून ते वाचता यावेत. समजा एका संघाचा भाव (एक रुपयामागे परत मिळणारी रक्कम) २.३०, बरोबरीचा ३.१० आणि दुसऱ्या संघाचा ३.६० आहे. प्रत्येक भावाने एकाला भागले की अनुक्रमे ४३.५, ३२.३ आणि २७.८ टक्के मिळतात. त्यांची बेरीज १०३.५ च्या आसपास येते. वरचे साडेतीन टक्के हा भाव लावणाऱ्याचा नफा असतो. प्रत्येक आकड्याला या बेरजेने भागले की ४२, ३१ आणि २७ असे शुद्ध आकडे उरतात. हे ९० मिनिटांचे आकडे आहेत. चषकाच्या विजेत्याचा भाव वेगळा असतो आणि त्यात बरोबरीचा रकाना नसतो. दोन्हींची गल्लत करून ‘बाजार म्हणतो की हा संघ फक्त ४२ टक्के वेळाच चषक जिंकेल’ असे सांगणारे बरेच भेटतात.

आकडा किती हलवावा

मूळ आकडा लिहिल्यानंतर या विशिष्ट सामन्याची परिस्थिती पाहून तो वरखाली करायचा. सगळ्या फेरफारांची बेरीज दहा टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नये, अशी मर्यादा मी सुचवीन. एकेक कारण सुटे पाहिले की प्रत्येक वजनदार वाटते आणि पाच-सहा कारणे एकत्र झाली की साधा माणूसही ९० टक्क्यांवर जाऊन बसतो.

स्पर्धेतील आतापर्यंतचा खेळ हे सर्वांत फसवे कारण आहे. २०१० मध्ये स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरला, २०२२ मध्ये अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून हरला, २०२३ च्या महिला विश्वचषकात स्पेनला साखळीत जपानने ४–० असे हरवले. तिन्ही संघ पुढे जगज्जेते झाले. उलट बाजूने पाहिले तर २०१४ च्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला ७–१ असे लोळवले, आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध त्याच जर्मनीला ११३ व्या मिनिटापर्यंत एकही गोल करता आला नाही. एका सामन्यातील गोलसंख्येपेक्षा त्या सामन्यांत किती आणि कशा दर्जाच्या संधी निर्माण झाल्या, म्हणजे ज्याला अपेक्षित गोल किंवा एक्सजी म्हणतात तो आकडा, अधिक उपयोगी पडतो. पण सहा-सात सामन्यांची सरासरी ही शेवटी सहा-सात सामन्यांचीच असते. या कारणासाठी दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

दोन्ही संघ याच स्पर्धेच्या साखळीत आधी भेटलेले असतील तर त्या निकालाचा मोह विशेष आवरावा. १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीने पश्चिम जर्मनीचा साखळीत ८–३ असा धुव्वा उडवला. जर्मन प्रशिक्षक सेप हेर्बर्गर यांनी त्या सामन्यात आपले अनेक प्रमुख खेळाडू बाहेर ठेवले होते आणि त्याच सामन्यात हंगेरीचा कर्णधार पुश्काश याच्या घोट्याला दुखापत झाली होती. अंतिम सामन्यात पुश्काश परतला, हंगेरीने पहिल्या आठ मिनिटांत दोन गोलही केले, आणि तरीही पश्चिम जर्मनी ३–२ असे जिंकले. १९८८ च्या युरोमध्ये साखळीत सोव्हिएत संघाकडून हरलेल्या नेदरलँड्सने अंतिम सामन्यात त्यांनाच हरवले. २०२४ च्या प्रारंभी झालेल्या आफ्रिकी राष्ट्रांच्या चषकात आयव्हरी कोस्टने नायजेरियाच्या बाबतीत हेच केले. मात्र युरोमध्येच २००४ साली ग्रीसने पोर्तुगालला दोन्ही वेळा हरवले आणि १९९६ मध्ये जर्मनीने चेक संघाला दोन्ही वेळा. थोडक्यात, त्या सामन्याचा निकाल बाजूला ठेवून त्यात कोण खेळले होते आणि कोण नव्हते तेवढे पाहावे.

यजमानपदाचा फायदा खरा आहे, पण यजमान संघ अंतिम फेरीत फार क्वचित येतो. पुरुषांच्या विश्वचषकाच्या २०२२ पर्यंतच्या २१ अंतिम सामन्यांपैकी सात यजमानांनी खेळले आणि सहा जिंकले. एकटा १९५८ चा स्वीडन हरला. युरोमध्ये अलीकडे याच्या अगदी उलट घडले: २००४ मध्ये पोर्तुगाल, २०१६ मध्ये फ्रान्स आणि २०२१ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंड, असे तीन यजमान स्वतःच्या प्रेक्षकांसमोर हरले. तीन ते पाच टक्के द्यावेत आणि पुढे जावे. त्रयस्थ मैदान असेल तर काहीच देऊ नये.

विश्रांतीचे गणित चाहत्यांना फार आवडते, कारण ते मोजता येते. २०१८ मध्ये क्रोएशिया सलग तीन सामने जादा वेळ खेळून अंतिम फेरीत आला, म्हणजे फ्रान्सपेक्षा पूर्ण ९० मिनिटे जास्त, आणि शिवाय त्यांचा उपांत्य सामना एक दिवस उशिरा झाला होता; फ्रान्सने त्यांना ४–२ असे हरवले. इथवर सिद्धांत छान बसतो. पण २००६ मध्ये इटली उपांत्य सामना १२० मिनिटे खेळला होता आणि फ्रान्स ९० मिनिटेच, तरी चषक इटलीने नेला. २०१६ च्या युरोमध्ये पोर्तुगालने बाद फेरीत दोनदा जादा वेळ खेळून फ्रान्सला हरवले, आणि २०२५ च्या महिला युरोमध्ये इंग्लंडने उपांत्यपूर्व व उपांत्य असे दोन्ही सामने १२० मिनिटे खेळून अंतिम सामनाही शूटआउटवर जिंकला. एका जादा वेळेसाठी एक टक्का, तीनसाठी तीन, यापेक्षा जास्त किंमत मी देणार नाही.

निलंबित आणि जायबंदी खेळाडूंचा विचार नावाच्या वलयावरून न करता त्यांच्या जागी कोण येणार आहे यावरून करावा. १९९० मध्ये अर्जेंटिनाचे कानिजियासह चार खेळाडू निलंबनामुळे अंतिम सामन्याला मुकले आणि आक्रमणाची धारच गेली. तो सामना ते एका पेनल्टीवर १–० असा हरले. २००२ मध्ये जर्मनीचा मिशाएल बालाक उपांत्य सामन्यात पिवळे कार्ड मिळाल्यामुळे बाहेर बसला. २०१० पासून विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीनंतर सुटी पिवळी कार्डे पुसली जातात, त्यामुळे आता असा प्रसंग मुख्यतः लाल कार्डामुळे किंवा दुखापतीमुळे येतो. गोलरक्षक किंवा मधल्या फळीचा सूत्रधार नसेल तर तीन-चार टक्के, इतरांसाठी एक-दोन.

चाहते ज्याचा सर्वांत कमी विचार करतात ते कारण म्हणजे राखीव खेळाडूंचा बाक. माझ्या मते तेच सर्वांत जास्त पाहण्यासारखे आहे. १९९६ च्या युरोमध्ये बदली खेळाडू ऑलिव्हर बिअरहॉफने जर्मनीचे दोन्ही गोल केले. २००० मध्ये फ्रान्ससाठी भरपाईच्या वेळेत बरोबरी साधणारा विल्टोर आणि नंतर गोल्डन गोल (जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल) करणारा त्रेझेगे हे दोघेही बदली खेळाडू होते. निर्णायक गोल करणारे २०१४ च्या विश्वचषकात ग्योत्झे, २०१६ च्या युरोमध्ये एडर, २०२४ च्या युरोमध्ये ८६ व्या मिनिटाला ओयार्साबाल आणि त्याच वर्षीच्या कोपा अमेरिकेत ११२ व्या मिनिटाला लाउतारो मार्तिनेझ: यांतला एकही पहिल्या अकरात नव्हता. आता ९० मिनिटांत पाच बदल करता येतात आणि जादा वेळेत आणखी एक, म्हणजे निम्म्याहून अधिक संघ बदलता येतो. म्हणून दोन्ही संघांचे पहिले अकरा तोलून झाले की ७० व्या मिनिटाला मैदानात येऊ शकतील असे आक्रमक किती आहेत तेही तोलावे. सामना लांबण्याची शक्यता जितकी जास्त तितके या बाकाचे वजन वाढते.

गोलांचा हिशेब

ज्यांना नुसत्या विजेत्यावर समाधान नाही, स्कोअरही सांगायचा आहे, त्यांनी थोडे गणित करावे. प्रत्येक संघाकडून या सामन्यात सरासरी किती गोल अपेक्षित आहेत याचा अंदाज आधी धरायचा. त्यासाठी एका संघाने निर्माण केलेल्या अपेक्षित गोलांची सरासरी आणि प्रतिस्पर्ध्याने दिलेल्या अपेक्षित गोलांची सरासरी यांचा मध्य काढला तरी काम भागते. समजा पहिल्या संघासाठी १.२ आणि दुसऱ्यासाठी ०.९ असे आकडे आले. यानंतर कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये असलेले पॉइसन वितरणाचे सूत्र वापरले की प्रत्येक गोलसंख्येची शक्यता मिळते. पहिला संघ एकही गोल न करण्याची शक्यता ३० टक्के, एक गोल ३६, दोन गोल २२ आणि तीन गोल ९. दुसऱ्या संघासाठी हेच आकडे ४१, ३७, १६ आणि ५ असे येतात. दोन्हींचा गुणाकार केला की प्रत्येक स्कोअरची शक्यता तयार होते.

या उदाहरणात १–० हा स्कोअर सर्वांत संभाव्य ठरतो आणि त्याची शक्यता जेमतेम १५ टक्के येते. त्यामागोमाग १–१ हा १३ टक्क्यांवर, ०–० हा १२ वर, ०–१ हा ११ वर, २–० हा ९ वर आणि २–१ हा ८ वर. जो स्कोअर सर्वांत योग्य म्हणून आपण लिहितो तो सातातून सहा वेळा चुकणारच आहे. अचूक स्कोअर सांगणाऱ्याचा गवगवा होतो तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

सगळ्या स्कोअरची बेरीज केली की ९० मिनिटांत पहिला संघ जिंकण्याची शक्यता ४३ टक्के, दुसरा संघ जिंकण्याची सुमारे २७.५ आणि बरोबरीची २९.५ अशी निघते. आता बरोबरीचा वाटा दोघांत वाटायचा. जादा वेळ ३० मिनिटांचा, म्हणजे अपेक्षित गोल एक तृतीयांश, ०.४ आणि ०.३. त्यावर पुन्हा तेच सूत्र चालवले तर जादा वेळेतही बरोबरी राहण्याची शक्यता ५६ टक्के येते, पहिल्या संघाच्या विजयाची २६ आणि दुसऱ्याची १८. शूटआउट निम्मे-निम्मे धरले की चषक उचलण्याची एकूण शक्यता पहिल्या संघासाठी ५९ टक्के आणि दुसऱ्यासाठी ४१ टक्के अशी होते. हा आकडा क्रमवारीवरून काढलेल्या मूळ आकड्याच्या आसपास येतो का ते ताडून पाहावे. दोन्हींत दहा टक्क्यांची तफावत असेल तर धरलेले अपेक्षित गोल पुन्हा तपासावेत. बहुधा एखाद्या दुबळ्या संघाविरुद्धचा मोठा विजय सरासरीत शिरलेला असतो.

या पद्धतीत एक उणीव आहे. दोन्ही संघांचे गोल एकमेकांशी संबंध नसल्यासारखे ती धरते. प्रत्यक्षात आघाडी घेतलेला संघ मागे सरकून बचाव करतो, मागे पडलेला संघ धोका पत्करतो आणि ८० व्या मिनिटाला बरोबरी असेल तर दोघेही हात आखडते घेतात. त्यामुळे ०–० आणि १–१ यांची शक्यता सूत्राने दिलेल्या आकड्यापेक्षा थोडी वर सरकवणे योग्य ठरते. त्याच वेळी अंतिम सामने नेहमी कमी गोलांचेच होतात, हेही गृहीत धरू नये: विश्वचषकात १९९४, २०१० आणि २०१४ मध्ये ९० मिनिटांत एकही गोल झाला नाही हे खरे, पण तेवढ्याच वेळात २०१८ मध्ये सहा आणि २०२२ मध्ये चार झाले.

पेनल्टी शूटआउट

इथे फार वेळ घालवू नये. पेनल्टी मारणारे चांगले खेळाडूही साधारण चारातील तीन यशस्वी करतात आणि पाच-पाच फटक्यांत दोन संघांमधला खरा फरक दिसायला वावच मिळत नाही. २०१२ च्या आफ्रिकी राष्ट्रांच्या चषकात झांबियाने आयव्हरी कोस्टला शूटआउटमध्ये ८–७ असे हरवले. त्या स्पर्धेत एकही गोल न स्वीकारलेला आयव्हरी कोस्टचा संघ कागदावर कितीतरी भारी होता आणि त्यांच्या द्रोग्बाने सामन्यातच एक पेनल्टी वाया घालवली होती. गोलरक्षकाची ख्याती असेल तर दोन-तीन टक्के द्यावेत. २०२१ च्या युरोमध्ये दोन पेनल्टी अडवणारा दोन्नारुम्मा किंवा २०२२ मध्ये फ्रान्सच्या कोमानची पेनल्टी अडवणारा एमिलियानो मार्तिनेझ यांच्यासारखे गोलरक्षक एवढ्यास पात्र आहेत.

शेवटचा तास

अंदाज आदल्या दिवशी तयार करावा, पण मुदत असेल तर संघ जाहीर होईपर्यंत तो जमा करू नये. पहिल्या अकराची यादी सामन्याच्या साधारण एक ते सव्वा तास आधी हाती येते आणि कधी कधी सगळ्या आठवड्याच्या चर्चेपेक्षा तीच जास्त सांगून जाते. १९९८ मध्ये पॅरिसजवळच्या स्टाद दे फ्रान्समध्ये ब्राझीलची जी पहिली यादी बाहेर आली तिच्यात रोनाल्डोचे नाव नव्हते, त्याच्या जागी एडमुंडो होता. काही वेळाने दुरुस्त यादी आली आणि रोनाल्डो परतला. त्या दुपारी त्याची प्रकृती अचानक बिघडली होती, हे जगाला नंतर कळले. यादीत नाव परतले म्हणून सगळे ठीक झाले असे ज्यांनी मानले ते फसले: फ्रान्सने ३–० असा सामना जिंकला, त्यातले पहिले दोन गोल झिदानने कॉर्नरवर हेडरने केले. यादीत अशी गडबड दिसली की त्या संघाचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी खाली आणावा, मग दुरुस्ती कोणतीही येवो.

यादीनंतरही काही हाताबाहेरचे घडतेच. २०१४ मध्ये जर्मनीचा सामी खेदीरा सरावाच्या वेळी जायबंदी झाला आणि ऐनवेळी क्रिस्टोफ क्रामरला उतरवावे लागले. क्रामरच्या डोक्याला मार लागला, तो ३१ व्या मिनिटाला बाहेर गेला आणि आन्द्रे श्युर्ले आत आला. ११३ व्या मिनिटाला डावीकडून ग्योत्झेला चेंडू पुरवला तो याच श्युर्लेने. कोणत्याही हिशेबात हे बसले नसते, आणि म्हणूनच ५९ टक्क्यांना ५९ टक्केच म्हणायचे असते.

मन आणि आठ पायांचा ज्योतिषी

स्वतःचा संघ अंतिम फेरीत असेल तर देव पाण्यात घालून बसलेल्या माणसाकडून तटस्थ हिशेबाची अपेक्षा करता येत नाही. अशा वेळी एक उपाय करावा: प्रतिस्पर्धी संघ २–० असा जिंकला आहे असे समजून त्याची तीन कारणे लेखी मांडावीत. ती सहज सुचली तर आपला आकडा फुगलेला आहे. समोरच्या संघाच्या एखाद्या जाणत्या चाहत्याचा आकडा घेऊन आपल्या आकड्याशी सरासरी काढली तरी चालते.

२०१० मध्ये जर्मनीतील ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने जर्मनीचे सात आणि स्पेन-नेदरलँड्स हा अंतिम सामना, असे आठही निकाल बरोबर सांगितले. प्रत्येक वेळी दोनच पर्याय धरले तर असे घडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पण जगभर किती प्राण्यांपुढे किती डबे ठेवले गेले असतील याचा विचार केला की एखाद्याची बोलाफुलाला गाठ पडणे स्वाभाविक वाटते. याच पॉलने २००८ च्या युरोच्या अंतिम सामन्यात जर्मनीला कौल दिला होता आणि जिंकला होता स्पेन. मागच्या तीन-चार निकालांवरून एखाद्याला ‘जाणकार’ ठरवताना, मग तो टीव्हीवरचा का असेना, हा हिशेब लावून पाहावा.

मित्रांच्या स्पर्धेत काय लिहावे

अचूक स्कोअरला तीन गुण आणि केवळ निकाल बरोबर आल्यास एक गुण, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. वरच्याच उदाहरणात १–० लिहिले तर सरासरी ०.७२ गुण मिळतात, २–१ लिहिले तर ०.५९ आणि १–१ लिहिले तर ०.५६. म्हणजे गुणतक्त्यातील स्थान बाजूला ठेवले तर १–० हेच उत्तर. पण शेवटच्या सामन्याला तक्त्यातील स्थान बाजूला ठेवता येत नाही. तुम्ही दोन गुणांनी आघाडीवर असाल तर तुमचा पाठलाग करणारा काय लिहील याचा अंदाज घेऊन तेच लिहावे, कारण दोघांचे उत्तर सारखे राहिले की आघाडी तशीच राहते. दोन गुणांनी मागे असाल तर नेमके उलट करावे: आघाडीवरचा बहुधा १–० किंवा २–१ लिहिणार, म्हणून १–१ लिहावे. अंतिम सामन्यात बरोबरी लिहिण्याचा धीर फार थोड्यांना होतो आणि १–१ ची शक्यता १–० पेक्षा फार कमी नसते. ९० मिनिटांवर गुण असतील तरच हे करावे. विजेत्याच्या नावावर गुण असतील आणि तुम्ही मागे असाल तर ४१ टक्क्यांचा संघ लिहिण्यावाचून गत्यंतर नसते, मग तो मनाला पटो वा न पटो.

टक्केवारीत अंदाज लिहिणाऱ्यांनी गुण मोजण्यासाठी अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडलेली रीत वापरावी. तुम्ही ज्या संघाला ६० टक्के दिले तो जिंकला तर एकातून ०.६ वजा करून उरलेल्या ०.४ चा वर्ग घ्यायचा, म्हणजे ०.१६, तो हरला तर ०.६ चा वर्ग, ०.३६. आकडा जितका कमी तितका अंदाज चांगला. ९० टक्के सांगून जिंकणाऱ्याला ०.०१ मिळतो, पण चुकणाऱ्याला ०.८१ चा दंड बसतो, आणि प्रत्येक वेळी ५० सांगणाऱ्याला कायम ०.२५. सामना सुरू होण्यापूर्वी सगळ्यांचे आकडे वेळेसह एकाच ठिकाणी लिहून ठेवावेत, म्हणजे शिट्टी वाजल्यावर ‘मी आधीच म्हटले होते’ असे सांगणाऱ्याला तो कागद दाखवता येतो.